हळदी-कुंकू बदक

हळदी-कुंकू बदक : ॲनॅटिडी पक्षिकुलातील एक मोठे जंगली बदक. याचे शास्त्रीय नाव ॲनस पीसिलोऱ्हिंका असे आहे. भारतीय उपखंडात बारमाही राहणाऱ्या व येथेच प्रजनन करणाऱ्या थोड्या बदकांपैकी हे एक असून महाराष्ट्रातील तलाव, धरणांचे जलाशय, दलदली व संथ वाहणाऱ्या नद्या यांच्या काठी ते सर्वत्र आढळते. हिंदीत याला गुगराल म्हणतात. मराठीत धनवर असेही एक नाव आहे. पण हळदी-कुंकू बदक हेच नाव अधिक रूढ आहे व ते अतिशय समर्पक आहे.

हे नाव त्याच्या चोचीवरून पडले आहे. चोच काळी असून तिचे टोक हळदीसारखे पिवळेधमक असते आणि कपाळाला जेथे ती मिळते तेथे दोन्ही बाजूंस कुंकवाच्या बोटासारखा एकेक लाल ठिपका असतो. कुंकू कपाळाशी आणि हळद त्याखाली, अशी ही योजना सवाष्णीच्या कपाळाशी ज्याने प्रथम ताडून पाहिली त्याचे निरीक्षण सूक्ष्म असले पाहिजे. कारण लाल ठिपके लहान असतात व पक्षी बराच जवळ असल्याशिवाय ते दिसत नाहीत. कॅप्टन जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीत (१७७२–७५) सहभागी झालेले जर्मन निसर्गशास्त्रज्ञ योहान राइनहोल्ट फोर्स्टर यांनी १७८१ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यांनी दिलेल्या जातिनामाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘चित्रविचित्र चोचीचा’ असा होतो. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन भाषिक परंपरांनी एकाच खुणेवरून या पक्ष्याला ओळखले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याची लांबी ५५–६३ सेंमी., पसरलेल्या पंखांचा विस्तार ८३–९५ सेंमी. आणि वजन सु. ०·८ ते १·५ किग्रॅ. असते. म्हणजे आकाराने ते पाळीव बदकाच्या जवळपास येते. दुरून पाहता ते करड्या-तपकिरी रंगाचे, काहीसे सामान्य बदक वाटते. डोके व मान फिकट, जवळजवळ राखी-पांढुरकी असते. माथा गडद असतो आणि चोचीपासून डोळ्यातून मागे एक काळपट रेघ जाते. अंगावरील प्रत्येक पीस मध्ये गडद तपकिरी व कडेला फिकट असल्यामुळे पाठीवर आणि बाजूंवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. छातीवर ठिपके असतात. पोटाकडून शेपटीकडे रंग क्रमाने गडद होत जाऊन शेपटीखाली तो काळा होतो. पाय मात्र प्रवाळासारखे तांबडे-नारिंगी असतात. पोहताना ते पाण्याखाली झाकलेले असतात, पण काठावर चढलेल्या पक्ष्याची ती ठळक खूण होय.

पंखाचा रंग हा स्वतंत्र विषय आहे. दुय्यम उड्डाणपिसांवर आरशासारखा चकाकणारा हिरवा पट्टा असतो व त्याला पुढून-मागून काळी आणि पांढरी किनार असते. प्रकाशाच्या दिशेनुसार हा पट्टा कधी हिरवा, कधी निळसर-जांभळा, तर कधी नुसताच काळा भासतो. याचे कारण असे की, त्यात हिरवे रंगद्रव्य नसते. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत केराटिनाचा अतिपातळ थर व त्याखाली मेलॅनिनाचे कण यांची नियमित मांडणी असते. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून विशिष्ट रंग उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यातलाच हा प्रकार. या पट्ट्यालगत, शरीराकडील बाजूस, तृतीयक पिसांवर एक मोठा पांढरा डाग असतो. पंख मिटलेले असतानाही तो पाठीच्या मागील भागावर स्वच्छ दिसतो. शंभर-दोनशे मीटरांवरून, जेथे हळद दिसत नाही आणि कुंकू तर नाहीच, तेथे या पांढऱ्या डागावरूनच हे बदक ओळखावे. हिवाळ्यात त्याच्याबरोबर उतरणारी गडवाल, तलवार बदक यांच्या तपकिरी माद्या प्रथमदर्शनी त्याच्यासारख्या भासतात. परंतु त्यांची चोच अशी तिरंगी नसते आणि त्यांची अंगयष्टी लहान असते.

नर व मादी दिसायला जवळजवळ सारखी असतात. मादी किंचित लहान व फिकट असते आणि तिच्या चोचीवरील लाल ठिपके बारीक किंवा अस्पष्ट असतात. पिलांना ते नसतातच. उत्तरेकडील थंड प्रदेशांत प्रजनन करणाऱ्या मॅलार्ड, थापट्या, तलवार बदक वगैरे जातींत नर भडक रंगाचा आणि मादी मळकट असते. ते नर थंडीच्या काळात भपकेबाज पिसारा धारण करून जोडीदार मिळवितात व विणीचा हंगाम संपताच तो टाकून मादीसारखे मळकट होतात. उष्ण प्रदेशांत कायम राहणाऱ्या बदकांत हा ऋतुमानाप्रमाणे वेष पालटण्याचा प्रकार सहसा नसतो. हळदी-कुंकू बदकाच्या नराला वर्षभर एकच वेष पुरतो व त्याची चमकदार पिसे पंखाच्या घडीत बरीचशी झाकलेली राहतात. उडताना वा पंख ताणताना मात्र ती उघडी पडतात.

ही जाती पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार व तेथून पुढे आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीपर्यंत पसरलेली आहे. म्यानमारकडील उपजातीत कपाळाजवळील लाल ठिपके फारच लहान असतात किंवा नसतात. म्हणजे तिकडे ‘हळद’ आहे, ‘कुंकू’ नाही. चीन, कोरिया व जपान येथील बदकांना पूर्वी याच जातीत घालीत. त्यांच्याही चोचीचे टोक पिवळे असते. पण लाल ठिपके नसतात आणि चेहऱ्यावर दोन गडद पट्टे असतात. आता बहुतेक पक्षिशास्त्रज्ञ त्यांना ॲनस झोनोऱ्हिंका ही स्वतंत्र जाती मानतात. पाळीव बदकांशी हळदी-कुंकू बदकाचे जवळचे नाते असले, तरी आपल्याकडील पाळीव बदके त्याच्यापासून झालेली नाहीत. ती मॅलार्डची वंशज आहेत.

हे बदक डुबकी मारून अन्न मिळविणारे नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर चोच फिरवून, मान बुडवून किंवा शेपटी आकाशाकडे करून शरीराचा पुढचा अर्धा भाग पाण्यात घालून ते तळाचे अन्न टिपते. चोचीच्या आतील कडांना कंगव्यासारख्या बारीक पट्टिका असतात. त्यांतून पाणी व चिखल बाहेर जातो आणि बिया, कोंब, कीटक आत राहतात. पाणवनस्पतींची कोवळी पाने, लव्हाळ्याच्या गाठी, गवतांचे बी हे त्याचे मुख्य खाद्य. त्याबरोबर गोगलगायी, अळ्या व किडे ते खाते. संध्याकाळी व रात्री ते भाताच्या किंवा ओल्या कापलेल्या शेतांत चरावयास जाते. दिवसाचा बराच वेळ काठावरच्या गवतात किंवा पाण्यातील उंचवट्यावर विश्रांती घेण्यात जातो. मोठे थवे करण्याची त्याला आवड नाही. जोडीने किंवा दहा-वीसच्या टोळीने ते राहते. मादीचा ‘क्वॅक’ असा भरदार आवाज पाळीव बदकीणीच्या आवाजासारखाच असतो. नराचा घोगरा व हलका असतो. धोका वाटताच ते पाण्यावरून धावत न जाता जवळजवळ सरळ वर उठते.

त्याच्या आहाराच्या या पद्धतीतच त्याच्या अधिवासाचे गमक आहे. मान ताणून चोच जेथवर पोचते तेवढाच तळ त्याच्या उपयोगाचा. म्हणजे साधारणतः हातभर खोलीपलीकडचे पाणी त्याला केवळ तरंगण्यासाठी व रात्रीच्या सुरक्षिततेसाठी कामाला येते, पोट भरण्यासाठी नाही. म्हणून या पक्ष्याच्या दृष्टीने तलाव किती मोठा अथवा किती खोल याला फारसे महत्त्व नाही. त्याची उथळ, चिखलाची, लव्हाळे व पाणकणीस उगवलेली कड किती लांब आहे, याला आहे. एखाद्या विस्तीर्ण पण उभ्या खडकाळ काठांच्या जलाशयात चार बदके आणि शेजारच्या वेड्यावाकड्या काठाच्या लहानशा तळ्यात तीस, असे दृश्य दिसते त्याचे कारण हेच.

या दृष्टीने धाराशिव (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील येडशी व तिच्या आसपासचा मुलूख उद्‍बोधक आहे. येडशी हे गाव बालाघाट डोंगररांगेच्या कडेला वसलेले असून तेथील रामलिंगाच्या देवस्थानाभोवतीचे सु. २२ चौ. किमी. वनक्षेत्र १९९७ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. शुष्क पानझडी वनाचा हा तुकडा मराठवाड्याच्या उघड्या पठारावर मोलाचा आहे. परंतु हळदी-कुंकू बदकासाठी घाटात जाऊ नये. तेथील ओढे खडकाळ, उताराचे व पावसाळ्यापुरते वाहणारे असतात. त्यांना काठचा गाळ नाही, म्हणून लव्हाळे नाही आणि म्हणून बदकही नाही. ते पाहावयाचे तर घाट सोडून पठारावरच्या व पायथ्याच्या तलावांकडे वळले पाहिजे.

बालाघाट ही येथील पाणलोटाची दुभाजक रेषा आहे. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा व मांजरा या नद्यांतून गोदावरीकडे, तर दुसऱ्या अंगाचे सीना व बोरी यांतून भीमेकडे जाते. दुभाजकावरच्या प्रदेशाला मोठी नदी लाभत नाही; नद्या येथे उगम पावतात आणि मोठ्या होतात त्या दूर गेल्यावर. पाऊसही बेताचा व लहरी. त्यामुळे येथे पाणी टिकते ते माणसाने अडविले म्हणूनच, व हा उद्योग जुना आहे. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, बांधलेला बंधारा व त्यातील पाणीमहाल प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात तेरजवळचा तेरणा प्रकल्प व पुढे परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव यांसारखे जलाशय झाले. परंतु बदकांच्या दृष्टीने यांहून महत्त्वाचे ठरले ते गावोगावचे पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामे म्हणून व पुढे रोजगार हमी योजनेखाली महाराष्ट्रभर असे तलाव मोठ्या प्रमाणात खोदले गेले. मातीचा बांध, मागे पसरलेले उथळ पाणी आणि दोन-चार पावसाळ्यांत साचलेला गाळ. दुष्काळग्रस्तांच्या हातांना काम देण्यासाठी उभारलेल्या या तलावांनी नकळत एका पाणपक्ष्यालाही नवे घर दिले.

हे घर किती काळ पुरते, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात या बदकाची वीण पावसाळ्यात व त्यानंतर होते. पाण्याजवळच्या दाट गवतात, बांधाच्या उतारावर किंवा झुडपाच्या बुडाशी जमिनीवर मादी गवताचे घरटे करते व त्याला आपल्या अंगाच्या मऊ पिसांचे अस्तर लावते. अंडी ६ ते १२, क्वचित अधिक, फिकट हिरवट किंवा पांढुरक्या रंगाची असतात. मादी रोज एक याप्रमाणे ती घालते आणि शेवटचे अंडे घातल्यावरच उबवू लागते. त्यामुळे पिले एकाच वेळी बाहेर पडतात. उबविण्यास साडेतीन ते चार आठवडे लागतात. पिले अंगावर पिवळ्या-काळ्या लवीसह जन्मतात व दुसऱ्या दिवशीच आईमागे पाण्यात उतरतात. सुरुवातीला त्यांचा आहार मुख्यतः कीटकांचा असतो. वनस्पतींवर ती पुढे वळतात. उडण्याजोगी होण्यास त्यांना सात-आठ आठवडे लागतात. हा सर्व हिशेब मांडला, तर पहिल्या अंड्यापासून पिलांच्या उड्डाणापर्यंत तीन महिने, किंबहुना अधिक काळ जातो. याखेरीज विणीनंतर प्रौढ बदकांची उड्डाणपिसे एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. या काळात दाट लव्हाळे हाच त्यांचा एकमेव आसरा असतो. ऑगस्टअखेर घातलेली अंडी यशस्वी व्हावयाची, तर तलावात डिसेंबरपर्यंत गवताळ काठासह पाणी टिकले पाहिजे. पाऊस लांबून वीण उशिरा सुरू झाली तर जानेवारीपर्यंत.

पाऊस चांगला झालेल्या वर्षी हे सहज साधते. अपुऱ्या पावसाच्या वर्षी पाणी काठाच्या गवतापासून दूर सरकते व मध्ये उघड्या, भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा उरतो. पिलांना तो ओलांडावा लागतो तेव्हा मुंगूस, घोरपड, कावळे, भटकी कुत्री व शिकारी पक्षी यांना आयती संधी मिळते. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील तलाव मोठ्या संख्येने आटले. मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा वेळी मोठी बदके दूरच्या जलाशयाकडे निघून जातात. ती स्थलांतरी नसली, तरी पाण्याच्या शोधात फिरती आहेत. उडता न येणाऱ्या पिलांना हा मार्ग खुला नसतो.

येथे माणसाची गरज व पक्ष्याची गरज यांत एक खरा पेच आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. पाझर तलावाचे काम पाणी जमिनीत मुरवून खालच्या अंगाच्या विहिरींना पुरविणे हे होय. ज्याच्या तळाशी गाळ साचला त्यातून पाणी मुरत नाही. म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने तो तलाव बिघडला. नेमका तोच गाळाने उथळ झालेला, लव्हाळ्याने भरलेला तलाव बदकाला मानवतो. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल व रुंद करण्याची कामे झाली आणि २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ काढून तो शेतांत पसरण्यात येऊ लागला. पाण्याचा साठा वाढविण्यासाठी व हलक्या जमिनी सुधारण्यासाठी ही कामे उपयुक्त आहेत. मात्र यंत्राने सरळ उभ्या भिंतीसारख्या कापलेल्या काठावर लव्हाळे रुजत नाही, आणि खोल झालेल्या तळापर्यंत बदकाची चोच पोचत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यांची स्थिती याहून वाईट. त्यांत पाणी भरपूर असते, पण खाद्य नसते आणि निसरड्या उतारामुळे पिलांना वर येता येत नाही. पाण्याचे साठे वाढले म्हणून पाणपक्षी वाढतीलच, हा समज यामुळे खरा ठरत नाही.

या पेचातून वाट काढणे अवघड नाही. तलावाच्या ज्या बाजूने ओढा येऊन मिळतो ती शेपटीकडची बाजू स्वभावतःच उथळ असते. गाळ बांधाकडील खोल भागातून काढला व शेपटीकडचा गवताळ पट्टा तसाच राहू दिला, तर साठवणीत फारशी घट येत नाही आणि बदकांची चराऊ व घरट्याची जागा शाबूत राहते. गाळ काढण्याचे काम सामान्यतः उन्हाळ्यातच चालते. तेव्हा वीण नसते, हेही सोयीचे आहे. गाळपेरीसाठी, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेण्यासाठी, काठ नांगरताना पिले उडेपर्यंत पाण्यालगतचा थोडा पट्टा सोडणे हा उपायही त्याच जातीचा. मासेमारीच्या ठेक्यातील तलावांत रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यांत बदके अडकतात. जाळी उथळ गवताळ भागापासून दूर टाकली तर हे पुष्कळ अंशी टळते.

पूर्वी या बदकाची मांसासाठी मोठ्या प्रमाणात शिकार होत असे. आकाराने मोठे, चवीला चांगले व बारमाही मिळणारे असल्यामुळे बंदूकधाऱ्यांचे ते आवडते होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याची शिकार करणे किंवा अंडी गोळा करणे हा गुन्हा आहे. विस्तृत प्रसारामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जाती धोक्याबाहेरच्या वर्गात मोडते. तथापि जातीला धोका नसणे आणि एखाद्या तालुक्यातील तलावावरून ती नाहीशी न होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणपक्ष्यांची गणना आपल्याकडे प्रामुख्याने जानेवारीत होते. त्या वेळी उत्तरेकडून आलेली थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक इ. पाहुणी बदके मोठ्या संख्येने असतात व निरीक्षकाचे लक्ष साहजिकच त्यांच्याकडे जाते. हळदी-कुंकू बदकाची संख्याही तेव्हा नोंदविली जाते. पण ती बदके त्या तलावावर वाढलेली की अन्यत्र पाणी आटल्यामुळे आलेली, हे त्या आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सकाळच्या वेळी तलावाच्या शेपटीकडे जाऊन आईमागून पोहणारी पिले मोजावी लागतात. हे काम लहान दुर्बिणीने, शाळेतील मुलांनाही करता येण्यासारखे आहे. घरट्याजवळ न जाता, बांधावर बसून, पहिल्या आठवड्यात किती पिले होती आणि दीड महिन्यानंतर किती उरली याची नोंद ठेवली म्हणजे त्या तलावाची कड बदकांना पुरेशी आहे की नाही, ते कळते.